बियांतून कळलावी

जूनच्या पहिल्या आठवड्यात बी पेरलं, जुलै उजाडला, आणि कुंडीत गवताखेरीज काहीच दिसत नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. झेंडू, झिनिया, कॉसमॉस लावणारे ती सहसा करत नाहीत. ही हंगामी झाडं बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढली, आणि माणसाने त्यांची पटकन उगवणारी बियाणीच पुढे नेली. अडतं ते वर्षानुवर्षं जगणाऱ्या फुलझाडांपाशी. गोकर्ण, कमळ, बिगोनिया, लॅव्हेंडर आणि सगळ्यांत जास्त कळलावी. मग ‘बी खराब निघालं’ म्हणून कुंडी रिकामी होते आणि त्या मातीत दुसरं काहीतरी लावलं जातं.

माझं म्हणणं साधं आहे. यातल्या बहुतेक कुंड्यांमधलं बी मेलेलं नसतं. पाणी त्याला मिळालं, पण आणखी एक गोष्ट हवी होती ती मिळाली नाही. ती कोणती, हे झाडागणिक बदलतं. पेरण्याआधी तेवढं समजून घेतलं, तर अवघड म्हणून सोडून दिलेली झाडं घरच्या बियांवर होतात.

ओल मिळूनही बी थांबून का राहतं? सह्याद्रीच्या उतारावर मे महिन्यात वळवाच्या दोन सरी पडतात, माती भिजते आणि पुन्हा दोन-तीन आठवडे ऊन तापतं. त्या ओलीवर फसून निघालेला कोंब करपून जातो. परतीच्या पावसावर उगवलेल्या रोपापुढे तर सात-आठ कोरडे महिने उभे असतात. नुसत्या ओलीवर विसंबून उगवणाऱ्या बियांचा वंश अशा ठिकाणी मागे पडला. ज्या बियांना ओलीबरोबर आणखी एखादी खूण लागत होती, त्यांचा टिकला. कुणाला उन्हाळा सरल्याची खूण लागते, कुणाला थंडी पडून गेल्याची, कुणाला उजेडाची. शिवाय एका फळातल्या सगळ्या बिया एकदम उगवतच नाहीत. काही या पावसाळ्यात, काही पुढच्या. आपल्या कुंडीत एकाच दिवशी पेरलेल्या बिया महिना-दीड महिना पुढेमागे निघतात, त्याचं मूळ इथे आहे.

गोकर्णाचा अडसर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून आधी तो पाहावा. वाटीभर पाण्यात रात्री मूठभर बिया टाका. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या असतील आणि काही होत्या तशाच, लहान आणि चकचकीत. या दुसऱ्या बियांमध्ये पाण्याचा थेंबही शिरलेला नसतो. शेंगवर्गीय बियांच्या सालीत उभ्या पेशींचा एक दाट थर असतो. बी वाळत गेलं की तो पाणी अजिबात आत घेत नाही. यातली खुबी हाइड या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिली. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या जागी, म्हणजे बीच्या डोळ्यापाशी, एक बारीक फट असते. हवा कोरडी असली की ती उघडते आणि आतली ओल बाहेर जाऊ देते. हवा दमट झाली की मिटते. त्यामुळे बी वाळत जातं, पण पुन्हा भिजत नाही. म्हणूनच नीट वाळवून डबीत जपून ठेवलेलं गोकर्णाचं बी ताज्या बीपेक्षा जास्त अडून बसतं. रानात उन्हाळ्यातली दिवसाची तलखी आणि रात्रीचा गारवा आलटून पालटून बसून ही साल कुठेतरी सैल पडते. घरी नेलकटर पुरे. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला सालीचा अगदी बारीक तुकडा उडवायचा, आतला फिकट गर दिसला की थांबायचं. डोळ्याच्या बाजूला कोंबाचं मूळ असतं, तिकडे हत्यार न्यायचं नाही. मग रात्रभर भिजवून पेरलं की आठवड्याभरात रोप वर येतं.

कमळाचंही तसंच, फक्त साल आणखी टणक. पूजेच्या साहित्याच्या दुकानात कमळगट्टा म्हणून जे काळे मणी मिळतात, ती कमळाची बी. माळेसाठी भोक पाडलेले मणी उपयोगाचे नाहीत. अखंड, पाण्यात बुडणारे घ्यावेत. ही साल किती पक्की असते याचे दाखले जगभर प्रसिद्ध आहेत. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांनी १९५१ मध्ये चिबाजवळ जमिनीखालच्या जुन्या थरांतून मिळालेली कमळाची बी रुजवली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली गेली. पुढच्याच वर्षी तिच्या रोपाला फूल आलं. चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळातली बी जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. कार्बनच्या चाचणीत तिचं वय तेराशे वर्षांच्या आसपास निघालं, आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं आतल्या कोंबाला पाणी आणि हवा फारशी पोचलीच नाही, म्हणून तो राहिला.

आपल्याला त्यासाठी पॉलिश पेपर किंवा कानस लागते. बीचं एक टोक घासत जायचं. काळ्या सालीखाली तपकिरी थर लागतो, आणि त्याखाली पांढरट गर दिसला की हात आवरायचा. ही बी काचेच्या बरणीत, कोमट हवेत, रोज पाणी बदलत ठेवली की दोन दिवसांत फुगते आणि बहुधा आठवड्याच्या आत हिरवा कोंब काढते. फेब्रुवारी ते मे हा आपल्याकडे याचा काळ. थंडीत कोंब रेंगाळतो आणि पाणी नासतं. पहिली पानं पातळ देठांची, पाण्यावर तरंगणारी असतात. मुळं फुटली की भोक नसलेल्या टबात चिकण मातीत रोप बसवायचं. कोकोपीट इथे नको, ते तरंगून वर येतं. एक लक्षात ठेवावं, की बीपासून झालेलं कमळ रंगाने आणि पाकळ्यांनी आईसारखंच होईल याची हमी नसते. मला त्यातच मजा वाटते, पण ठरावीक रंग हवा असेल तर कंदच आणावा.

बिगोनियाची बी याच्या उलट, धुळीसारखी. तिला घासायला काही नाहीच. तिची गरज उजेड. एवढ्याशा बीत साठा नगण्य. मातीत बोटभर खोल ती उगवली तर वर पोचण्याआधीच संपेल, म्हणून उजेड लागल्याशिवाय ती हलतच नाही. बीला उजेड कळतो कसा, याचा उलगडा अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर केला. लाल उजेड दिला की बी उगवायची, त्याच्या पलीकडचा गडद लाल दिला की थांबायची. आणि शेवटी जो उजेड दिला असेल तोच निर्णय टिकायचा. दाट पानांखाली गाळून येणाऱ्या उन्हात लाल कमी आणि हा गडद लाल जास्त असतो. म्हणजे आपल्या डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे, हे बीला उगवण्याआधीच समजतं. तेव्हा बारीक बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसती भुरभुरावी, वर माती पसरू नये, आणि झारीने पाणी घालू नये. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली की ओल खालून चढते.

थंडीची खूण मागणाऱ्या बिया आपल्या हवेतल्या नव्हेत. लॅव्हेंडर, प्रिम्युला, आयरिसच्या बऱ्याच जाती जिथे बर्फ पडतो तिथल्या. टोरोंटोत राहणाऱ्या मराठी माणसाने हिवाळ्याच्या तोंडावर कुंडीत बी पेरून ती अंगणात सोडली तरी काम होतं. पुण्या-नाशिकच्या माणसाला फ्रिज लागतो, आणि चूक नेमकी इथे होते. बियांचं कोरडं पाकीट महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात आणि थंडी दिली म्हणतात. कोरड्या बीला त्या थंडीचा पत्ताच लागत नाही. ती फक्त चांगली टिकते. बी आधी पाणी प्यालेली हवी. किंचित ओलसर कोकोपीटमध्ये बी मिसळून पिशवी तीन-चार आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. फ्रीझरमध्ये मुळीच नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाहेर काढून पेरलं तर लॅव्हेंडर उगवतं. पण पुढचा पावसाळा त्याला मानवत नाही, हेही सांगून ठेवायला हवं. माझं मन त्या झाडात फारसं रमत नाही. इथल्या डोंगरावरचं, इथल्या पावसावर वाढणारं, आणि तरीही बागांमधून क्वचितच दिसणारं झाड समोर असताना तर नाहीच.

ते झाड म्हणजे कळलावी. श्रावणात घाटातल्या कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर चढलेली दिसते. फूल आधी हिरवट, मग खाली पिवळं आणि टोकाला लाल, शेवटी सगळंच लाल. सहा पाकळ्या कडांना नागमोडी आणि मागे वर वळलेल्या, म्हणून फूल उलटं उमलल्यासारखं वाटतं. पानाचं टोकच लांब होऊन तणाव्यासारखं वेटोळं घेतं आणि आधार पकडतं. ते एवढंसं टोक जाड काठी पकडू शकत नाही, त्याला बारीक काटक्या किंवा जाळी लागते. तामिळनाडूचं हे राज्यफूल, आणि तिथे बियांसाठी त्याची शेतीही होते. बियांत आणि कंदात कोल्चिसिन असतं, जे वातरक्तावरच्या औषधात वापरलं जातं.

तेच कोल्चिसिन जीवघेणं विष आहे, हे इथेच स्पष्ट सांगतो. खाण्याचा कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. दारात कळलावी लावली की घरात भांडणं होतात असा समज आपल्याकडे आहे; भांडणांचं सोडा, पण रांगतं मूल किंवा माती उकरणारं कुत्रं असलेल्या घरात हे झाड खरंच नको. बाकीच्यांनी बी आणि कंद हाताळताना रबरी हातमोजे घालावेत आणि पेरणीची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

एवढं सगळं असूनही ती बियांपासून वाढवावी असं मी आग्रहाने म्हणतो, कारण दुसरा सोपा मार्ग रानाला महागात पडतो. औषधासाठी आणि बागांसाठी रानातून कंद खणून आणले जातात, आणि खणलेल्या जागी ती वेल पुन्हा येत नाही. शिवाय तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा कंद फार नाजूक. दोन्ही फांद्यांच्या फक्त टोकाला डोळा असतो. बटाट्यासारखे इथे-तिथे जादा डोळे नसतात. खणताना टोक मोडलं की ती फांदी वाया गेली. बी घ्यावी ती ओळखीच्या बागेतून किंवा रोपवाटिकेतून.

कळलावीचं फळ तीन कप्प्यांचं, पिकलं की शिवणीवर फाटतं. आत शेंदरी रंगाच्या गोल बिया ओळीने लागलेल्या. हा शेंदरी रंग बीवरच्या मऊ आवरणाचा. तो पुढे सुकून सुरकुततो. नोव्हेंबर-डिसेंबरात काढलेली ही बी लगेच पेरली तर बहुधा काहीच होत नाही. आतला कोंब फार लहान असतो, आणि बीला काही महिने कोरडेपणात काढावे लागतात. म्हणजे डिसेंबर ते मे. आपल्याकडे पाऊस नसलेले हे महिने तिला मोजून हवे असतात. कागदी पाकिटात, सावलीत, कोरड्या जागी ठेवायची. फ्रिज नको.

मेच्या अखेरीस बिया बाहेर काढून कोमट पाण्यात दोन दिवस भिजवाव्यात, पाणी दिवसातून एकदा बदलावं. मग हातमोजे घालून जाडसर कापडावर चोळल्या की सुकलेलं आवरण सुटून येतं. ते काढायलाच हवं. गरामध्ये आणि अशा आवरणांमध्ये बीला रोखून धरणारी द्रव्यं असतात; पिकलेल्या टोमॅटोतल्या बिया फळात पाणी असूनही तिथेच उगवत नाहीत, ते याच कारणाने. द्राक्षबागायतदार ज्याला जीए म्हणतात ते जिब्रेलिक आम्ल वापरून कळलावीची उगवण घाईने घेता येते, पण घरच्या बागेत मी ते सुचवणार नाही. हे द्रव्य मुळात जपानमध्ये भाताच्या एका रोगातून समोर आलं. कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं, की बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे भाताची रोपं लांबुळकी होऊन कोलमडतात. मात्रा चुकली की आपल्या रोपांचंही तेच होतं. पाऊस येईपर्यंत थांबायची तयारी असेल तर त्याची गरजही नाही.

कुंडी वीतभर तरी खोल हवी, कारण पहिल्या वर्षीपासूनच कंद खाली सरकतो. पोयट्याची माती, वाळू आणि गांडूळखत सारखं सारखं घ्यावं. बी पेराएवढ्या खोलीवर, दोन बियांत चार बोटं अंतर ठेवून पेरावी, वर धुतलेल्या वाळूचा पातळ थर द्यावा. हा थर फार मोलाचा. पावसाळ्यात रोपं मरतात ती बहुतेक पिथियमसारख्या बुरशीने. मातीलगत देठ पाणचट होतो, बारीक होतो आणि हिरवंगार रोप आडवं पडतं. वर वाळू असली की देठाजवळची जागा लवकर सुकते आणि बुरशीला बस्तान बसवता येत नाही. कुंडी उघड्यावर ठेवायला हरकत नाही, पण पागोळीखाली नको. त्या धारेने बी उघडी पडते. गोगलगाईंसाठी रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारावी, त्यांना कोवळा कोंब फार आवडतो.

तीन-चार आठवड्यांनी पहिली पाती दिसते, गवतासारखी पण जरा रुंद आणि तुकतुकीत. तण काढताना ती उपटली जाते, म्हणून पेरलेल्या जागी काडी खोचून ठेवावी. बाकीच्या बिया ऑगस्टपर्यंत एक-एक येत राहतात. पहिल्या वर्षी वेल होत नाही. चार-सहा पानं येतात, पानांच्या टोकाला अजून वेटोळं नसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की रोप खुरटलं. ते खुरटलेलं नसतं. जी कमाई होते ती सगळी खाली कंदात जाते. म्हणून या काळात पानांवर ऊन पडू द्यावं आणि पंधरवड्यातून एकदा पातळ शेणपाणी द्यावं.

ऑक्टोबरात पानं पिवळी पडतात. बियांपासून लावलेली निम्मी कळलावी या टप्प्यावर जाते, असं माझं निरीक्षण आहे. रोप मरतंय असं समजून कुणी पाणी वाढवतं आणि कंद कुजतो. कुणी रिकामी कुंडी म्हणून ती उलटी करतं. पिवळं पडणं हे या झाडाचं वर्ष संपल्याचं लक्षण. पाणी हळूहळू तोडत दिवाळीपर्यंत बंद करावं, सुकलेलं पान आपोआप सुटू द्यावं, कुंडीवर नाव लिहून ती पाऊस-पाण्यापासून दूर सावलीत ठेवावी. दररोज सगळ्या कुंड्यांना पाइपने पाणी घालणाऱ्या माणसाला हे आवर्जून सांगावं लागतं. जूनमध्ये नव्या कोंबाचं टोक दिसलं, की पुन्हा पाणी.

कळलावीचा कंद दरवर्षी नवा होतो. जुना कंद कोंब वाढवण्यात खर्ची पडतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या जागी नवा, आधीच्यापेक्षा मोठा कंद तयार झालेला असतो. म्हणून एकेका पावसाळ्यातला खुराक आणि ऊन यांचा हिशेब पुढच्या वर्षीच्या वेलात दिसतो. दुसऱ्या वर्षी वेल गुडघाभर होते आणि टोकं वेटोळी घेऊ लागतात. कुंडी बदलायची तर दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, कंद झोपलेला असताना. माती पूर्ण कोरडी करून, कुंडी आडवी ठेवून, खुरप्याऐवजी हाताने माती मोकळी करत. टोकं वर येतील असा नाही, तर कंद आडवा ठेवायचा, वर दोन इंच माती. तिसऱ्या, क्वचित चौथ्या पावसाळ्यात कळी येते.

फुलं आली तरी फळ धरेलच असं नाही. कळलावीचा परागवाहक दांडा बीजकोशापासून जवळजवळ काटकोनात बाजूला वळलेला असतो, आणि पुंकेसर दुसरीकडे पसरलेले. स्वतःचा पराग स्वतःच्या टोकाला सहसा लागत नाही. डोंगरावर फुलपाखरं आणि शिंजीर हे काम करतात, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवर ती येतीलच असं नाही. सकाळी पुंकेसर फुटून पिवळी पूड दिसली की बारीक ब्रशने ती दुसऱ्या वेलीच्या फुलाला लावावी. म्हणूनच एक वेल न ठेवता तीन-चार ठेवाव्यात, आणि त्या शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांच्या असाव्यात. पुढच्या काही दिवसांत पाकळ्या सुकून देठापाशी हिरवा लांबट बीजकोश फुगू लागला की पराग लागला.

फळ पिवळसर होऊ लागलं की त्यावर मलमलची पुरचुंडी बांधावी, म्हणजे शेंदरी बिया खाली सांडून लहान मुलांच्या हाती लागत नाहीत. फळ फाटल्यावर पुरचुंडीसकट कापून आठवडाभर सावलीत वाळवावं. पाकिटावर झाडाचं नाव, महिना आणि ‘विषारी’ हा शब्द ठळक लिहावा. बिया कुणाला दिल्या, तर पाकिटासकटच द्याव्यात.